एटीएमचे तेवीस रुपये नेमके कोण भरतं?

मंडळी, "आता एटीएममधून पैसे काढले की दर वेळी २३ रुपये कटणार" हा मेसेज अजूनही ग्रुपवर फिरतोय. मला तो निदान दहा जणांनी पाठवला असेल. सोबत लाल अक्षरं, रडके चेहरे आणि शेवटी "पुढे पाठवा". म्हणून आधी खरं काय ते सांगतो. मेसेज अर्धवट आहे, आणि जो अर्धा भाग त्यात सांगितलेला नाही तोच आपल्या वडीगोद्रीसारख्या गावांना जास्त लागू आहे.

रिझर्व्ह बँकेनं २८ मार्च २०२५ ला परिपत्रक काढलं. १ मे २०२५ पासून, महिन्याचे मोफत व्यवहार संपल्यावर बँक पुढच्या प्रत्येक व्यवहाराला जास्तीत जास्त २३ रुपये घेऊ शकते. आधी ही मर्यादा २१ होती, त्याआधी २०. वर जीएसटी. म्हणजे खात्यातून २७ रुपये १४ पैसे जातात. मोफत व्यवहार किती? आपल्या स्वतःच्या बँकेच्या मशीनवर महिन्याला पाच. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर मुंबईसारख्या महानगरात तीन आणि बाकी सगळीकडे पाच. आपण "बाकी सगळीकडे" मध्ये येतो.

आता कुणी म्हणेल, दोनच रुपये तर वाढले, त्यात एवढं काय लिहायचं? बरोबर आहे. २०१४ ला २० होते, २०२२ च्या जानेवारीत २१ झाले, आता २३. अकरा वर्षांत तीन रुपये. या काळात चहा कितीचा कितीला गेला ते तुम्हीच बघा. दोन रुपयांवर मी बोलतच नाहीये. माझं भांडण त्या पाच व्यवहारांच्या हिशोबाशी आहे.

शहरात माणसाला चालत जाईल तिथं त्याच्या बँकेचं मशीन सापडतं. तिथले पाच संपले तर दुसऱ्या बँकेचे तीन हाताशी असतात. आपल्याकडं तसं नाही. खातं एका बँकेत, कारण ते जनधनच्या वेळी कॅम्प लावून उघडलेलं किंवा कारखान्याच्या, पीककर्जाच्या कामासाठी काढलेलं. मशीन मात्र हायवेला जे असेल ते. स्वतःच्या बँकेचं मशीन गाठायचं तर अंबडला जा नाहीतर गेवराईला, आणि जाण्यायेण्याचं भाडं त्या २७ रुपयांच्या वर जातं. म्हणजे कागदावर आपल्याला दहा व्यवहार मोफत, प्रत्यक्षात पाचच. परदेशात फिरायला गेलेल्या माणसाचं कार्ड तिथल्या मशीनला परकं असतं. थायलंडमध्ये वर्षानुवर्षे एकदा पैसे काढायला २२० बाट वेगळे मोजावे लागत आलेत. पण तो हौसेनं गेलेला असतो. आपल्या बायाबापड्यांचं कार्ड स्वतःच्या गावातच परकं ठरतं.

आणि हे पाच कशात जातात ते बघा. लाडक्या बहिणीचे १५०० रुपये, पीएम किसानचा हप्ता, नमो शेतकरीचा हप्ता, अतिवृष्टीचं अनुदान. सगळं थेट खात्यात. चांगलंच आहे, मधला दलाल गेला. पण पैसे नेमके कोणत्या तारखेला येणार हे कुणालाच माहीत नसतं. टीव्हीवर बातमी येते, "आजपासून हप्ता जमा होणार". की लगेच मशीनसमोर रांग. कार्ड कुणाच्या तरी हातात द्यायचं, "दादा, पहा बरं आला का हप्ता." नाही आला. दोन दिवसांनी परत. परत नाही. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर नुसती शिल्लक बघणं हाही त्या पाचातला एक व्यवहार धरला जातो, हे रांगेतल्या किती जणांना माहीत आहे? मी विचारून बघितलंय. जवळजवळ कुणालाच नाही. ज्यांना माहीत होतं त्यांतला एक पोरगा स्वतःच बँक मित्र होता.

तीन वेळा शिल्लक बघितली, एकदा पाचशे काढले, एकदा हजार काढले. झाले पाच. आता महिनाअखेरीला दवाखान्यासाठी पाचशे काढायला गेलं की २७ रुपये १४ पैसे. पाचशेवर हे शेकडा साडेपाचच्या आसपास बसतं. पंचवीस हजार पगार एका दमात काढणाऱ्याला तेवढेच २७ रुपये, म्हणजे शेकडा अकरा पैसेसुद्धा नाहीत. शुल्क सगळ्यांना सारखं आहे असं बँकवाले सांगतात तेव्हा हा हिशोब समोर ठेवा.

अजून एक गंमत, म्हणजे गंमत कसली. समजा खात्यात काहीच नव्हतं, मागच्या महिन्याचं शुल्क वसूल व्हायचं राहिलं होतं. हप्ता आला १५०० आणि त्यातून आधी २७ रुपये १४ पैसे वळते झाले. राहिले १४७२ रुपये ८६ पैसे. मशीनमध्ये फक्त पाचशेच्या नोटा. निघतात किती? एक हजार. शुल्क गेलं सत्तावीस रुपयांचं, पण त्या दिवशी हाताला लागले नाहीत पाचशे. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्येच बँकांना सांगितलं की सप्टेंबरअखेर ७५ टक्के आणि मार्च २०२६ अखेर ९० टक्के मशीनमध्ये निदान एका कप्प्यातून शंभर किंवा दोनशेच्या नोटा निघाल्या पाहिजेत. चांगला आदेश आहे. पण उरलेल्या दहा टक्क्यांत कोणती गावं येतील याचा अंदाज तुम्हीही करू शकता.

आता बँकांची बाजूही मांडली पाहिजे. मशीन चालवणं स्वस्त नाही. गाळ्याचं भाडं, वीज, नेटवर्क, पैसे भरणारी गाडी, बंदूकवाला. गृह मंत्रालयाच्या नियमाप्रमाणे ग्रामीण भागात संध्याकाळी सहानंतर मशीनमध्ये पैसे भरता येत नाहीत, त्यामुळे शुक्रवारी रिकामं झालेलं मशीन कधी भरेल याचा नेम नाही. गॅस कटरनं मशीन फोडल्याच्या बातम्या मराठवाड्यात आम्ही पत्रकारांनी किती लिहिल्या त्याला गणती नाही. त्यात यूपीआय आल्यापासून मशीनवर येणारं गिऱ्हाईक कमी झालं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये तर एटीएम चालवणाऱ्यांच्या संघटनेनं इशारा दिला होता की खर्च परवडत नाही, देशातली निम्मी मशीनं बंद करावी लागतील. तसं झालं नाही, पण त्यांचं रडगाणं अगदी खोटं नव्हतं.

म्हणून पैसा कुठून कुठं जातो ते समजून घेऊ. तुमचं खाते 'अ' बँकेत, मशीन 'ब' बँकेचं. तुम्ही पैसे काढले की 'अ' बँक 'ब' बँकेला १९ रुपये देते. आधी १७ द्यायची. नुसती शिल्लक बघितली तर ७ रुपये. तुमचे पाच मोफत व्यवहार चालू असतात तेव्हाही हे पैसे जातच असतात, तुमची बँक ते सोसते. सहाव्या व्यवहारापासून ती तुमच्याकडून २३ घेते. म्हणजे ज्या बँकेनं आपल्या गावात मशीन लावलं नाही, भाडं भरलं नाही, वीजबिल भरलं नाही, तिला पहिले पाच व्यवहार खर्चाचे आणि त्यानंतरचा प्रत्येक व्यवहार १९ देऊन २३ घेण्याचा. गावात सोय न करण्याचा भुर्दंड बँकेला नाही, खातेदाराला.

मला हे पटत नाही. शुल्क लावा, पण जिथं तुमचं स्वतःचं मशीन ठरावीक अंतरात नाही तिथल्या खातेदाराला पाचाची मर्यादा कशाला? पिनकोडवरून हे ठरवणं आजच्या काळात बँकेला अवघड आहे का? आणि सरकारी अनुदान ज्या खात्यात येतं त्या खात्याची शिल्लक बघणं तरी मोजणीतून काढून टाका. एवढं एक केलं तरी आपल्या भागातला अर्धा भुर्दंड संपेल.

ब्रिटनचं उदाहरण देतो. तिथं बहुतेक मशीनवर कोणत्याही बँकेचं कार्ड चालतं आणि पैसे काढायला शुल्क नाही. गावातली शाखा, मशीन बंद व्हायला लागली तेव्हा त्यांनी २०२३ ला कायदा केला आणि सप्टेंबर २०२४ पासून नियम आला. एखाद्या भागात रोकड मिळण्याची सोय कमी पडत असेल तर बँकांनी ती तपासायची आणि भरून काढायची. यूपीआयसारखं काही नसलेल्या, पण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कार्ड वापरणाऱ्या देशाला रोकडीची सोय हा हक्क वाटतो. आपल्याकडं अजून तो महिन्याला पाच वेळचा उपकार आहे. तसं आपल्याकडंही १ एप्रिल २००९ ला रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांची मशीनं सगळ्यांना मोफत केली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाचाची मर्यादा आली, ती आजतागायत.

"मग अंगठा लावून काढा ना" असं म्हणणारे भेटतात. आधारवर अंगठा लावून पैसे मिळतात, खरी सोय आहे, म्हाताऱ्या माणसांना तर मोठाच आधार. पण तिथंही काही ठिकाणी हजारामागे दहा-वीस रुपये हातात मागितले जातात. नियम असा आहे की बँकेच्या प्रतिनिधीनं ग्राहकाकडून परस्पर पैसे घ्यायचे नाहीत. त्या पोराला बँकेकडून मिळणारं कमिशन तुटपुंजं आहे हे मान्य, पण ते भांडण त्याचं आणि बँकेचं आहे. सालगड्याच्या बायकोनं ते का मिटवायचं?

आता कामाच्या गोष्टी, कारण नुसतं रडून उपयोग नाही. शिल्लक बघायला मशीनवर जाऊच नका. बहुतेक बँकांचा मिस कॉलचा नंबर असतो, पासबुकाच्या मागं किंवा शाखेत मिळेल. मोबाईल नंबर खात्याला जोडलेला असला की मेसेज येतो, पैसे पडत नाहीत. मशीनमध्ये पैसेच नव्हते, नेटवर्क गेलं, पिन चुकला, अशा कारणानं फसलेला व्यवहार पाचात मोजायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०१९ मध्येच स्पष्ट केलंय. मोजला असेल तर भांडा. खात्यातून पैसे कटले आणि मशीनमधून आले नाहीत तर पाच दिवसांत परत मिळायला हवेत. त्यापुढं प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही तुम्ही अर्ज न करता बँकेनं स्वतःहून द्यायची. जनधनसारखं साधं, शून्य शिल्लकीचं खातं असेल तर त्याला वेगळा नियम आहे, महिन्याला एटीएम धरून किमान चार वेळा पैसे काढणं मोफत. आपलं खातं कोणतं आहे ते शाखेत विचारून घ्या, लाजायचं काही कारण नाही.

बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. फुकट आहे, वकील लागत नाही. माहितीसाठी नंबर १४४४८.

मशीन रिकामं राहिलं तर दंडाची तरतूदही रिझर्व्ह बँकेनं केली होती. १ ऑक्टोबर २०२१ पासून महिन्यात दहा तासांपेक्षा जास्त वेळ मशीनमध्ये पैसे नसतील तर त्या मशीनमागे दहा हजार रुपये. दंड जातो रिझर्व्ह बँकेकडं. उन्हात ताटकळलेल्या माणसाला त्यातलं काही नाही, आणि मशीन किती तास रिकामं होतं याचा हिशोब बँकच देते. आपल्या भागातलं मशीन सणावाराला किती तास रिकामं असतं हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. कागदावर ते किती तास येतं हे मात्र विचारायला हवं.

जिल्ह्यातल्या बँकांची आढावा बैठक दर तीन महिन्यांनी होते. तिथं कर्जवाटपाचे आकडे वाचले जातात, पीककर्जावरून दोन-चार जण आवाज चढवतात, चहा होतो. एटीएमचा विषय निघालेला मी तरी ऐकला नाही. पुढच्या बैठकीआधी मला तो आमदार-खासदारांच्या हातात कागद देऊन काढायचा आहे, आणि कागदाला पुरावा लागतो. ज्यांच्या पासबुकात एटीएम शुल्क म्हणून पैसे कटल्याची नोंद आहे त्यांनी त्या पानाचा फोटो इनबॉक्समध्ये पाठवा. खाते नंबर बोटानं झाका, नाव झाका, तारीख आणि रक्कम दिसू द्या. सोबत एवढंच लिहा, तुमच्या बँकेचं जवळचं मशीन किती किलोमीटरवर आहे. ज्यांना फोटो जमत नाही त्यांनी पासबुक घेऊन या, मी काढून घेतो.