शिळे पाणी

आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या सिडकोत नळाला पाणी येते पाच-सहा दिवसांनी, कधी आठवड्याने. तिकडे धरणाचा नाथसागर काठोकाठ भरलेला असला, तरी आमचा हिशेब ड्रमातल्या पाण्याचा. त्यामुळे काटकसर इथे कुणाला शिकवावी लागत नाही. भाजी धुतलेले पाणी कुंडीला, कपड्यांचे शेवटचे पाणी फरशीला. पण नळाच्या दिवशी गल्लीत गंमत दिसते. ‘पाणी आलं’ अशी हाक ऐकू आली, की आधी ड्रम पालथे होतात. आठवडाभर तांब्या-तांब्याने राखलेले पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत जाते.

आईचा पैशाशी व्यवहार मला असाच वाटतो. ती वैजापूर तालुक्यातली. १९७२च्या दुष्काळात दहा वर्षांची होती. आजीबरोबर खडी फोडायच्या कामावर जायची. तिथल्या सुकडीची चव तिला अजून आठवते. पुढे वडील वाळूजच्या कारखान्यात लागले, पगार वाढत गेला, ठेवी झाल्या. आई मात्र त्याच दुष्काळात राहिली. दुधाच्या पिशव्या आजही धुऊन, वाळवून भंगारवाल्यासाठी ठेवते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच कंजुषीतून माझी इंजिनिअरिंगची फी निघाली. तक्रार तिच्या गुडघ्यांची आहे. दोन वर्षे ती भिंतीला धरून उठते आणि डॉक्टरांचे नाव काढले की म्हणते, ‘‘बघू पुढच्या महिन्यात.’’ अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरेच. पण अंथरूण वाढले तरी पाय पोटाशी घेऊनच झोपायचे, याला काय म्हणावे?

यंदा भाचीच्या लग्नासाठी तिने कपाटातली पैठणी काढली. माझ्या लग्नात घेतलेली, एकदाच नेसलेली. उलगडली तर घडीवर चिरलेली. रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिले, की नेमके तिथेच विरते. आई बराच वेळ काही बोलली नाही.

दुसरे टोकही याच शहराने पाहिले आहे. ऑक्टोबर २०१०मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकदम सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. किंमत ६५ कोटींच्या घरात, त्यातला मोठा भाग बँकेच्या सात टक्के व्याजाच्या कर्जाचा. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला तेव्हा याहून जास्त व्याज पडत होते. ऐपत असेल त्याने गाडी जरूर घ्यावी. पण आपल्या शहराकडे जगाने पाहावे, हाही त्या खरेदीचा एक हेतू होता. तिथे पैसा लोकांच्या नजरेसाठी होता, आईचा भीतीसाठी आहे. गरजेचा विचार दोन्हीकडे मागेच पडतो.

मला यातली मधली वाट बीबी का मकबऱ्यात दिसते. त्याला आपण ‘गरिबांचा ताज’ म्हणतो, जरा हिणवूनच. बांधकामाला मंजुरी सात लाखांची होती आणि खर्च झाला ६,६८,२०३ रुपये ७ आणे, अशी नोंद सांगितली जाते. म्हणजे वर पैसे उरलेच! मुख्य इमारतीला खालच्या पट्ट्यापर्यंत संगमरवर आहे, घुमटही संगमरवराचा. मधल्या भागात इथलाच काळा दगड आणि त्यावर गुळगुळीत गिलावा. हात टेकतो तिथे आणि नजर ठरते तिथे पैसा सोडला. मध्ये हात आखडला. चिकटपणा आणि काटकसर यांत फरक असतो तो एवढाच. चिकट माणूस सगळीकडे हात आखडतो, काटकसरी माणूस कुठे सोडायचा ते आधी ठरवतो.

मग एका रविवारी आम्ही आईच्या ठेवींच्या पावत्या जमिनीवर मांडल्या. ‘‘प्रत्येकीच्या मागे लिही, कशासाठी ते,’’ मी म्हटले. तिने पेन्सिलीने लिहिले : ‘नातीचे शिक्षण’, ‘अडीनडीला’, ‘पंढरपूर’. एका पावतीवर पेन्सिल अडली. खूप वेळाने तिने लिहिले, ‘गुडघे’.

ती पावती गेल्या आठवड्यात मोडली. बाकीच्या कपाटात आहेत, पण आता त्यांना नावे आहेत. आणि नळाच्या दिवशी ड्रमात उरलेले पाणी दारातल्या कडुनिंबाला जाते.