शस्त्रक्रिया झाली, आता घरच्या ताटाचे काय?



लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया ही पूर्वी मोठ्या शहरांतील पैसेवाल्यांची गोष्ट समजली जाई. आता तसे राहिलेले नाही. वडोदरा, अहमदाबाद, सुरत येथील खाजगी इस्पितळांत ती होते. मधुमेह, गुडघेदुखी किंवा झोपेत श्वास अडकणे यांनी हैराण झालेली शेतकरी घरांतील माणसेही ती करून घेऊ लागली आहेत. खर्च लाखांत जातो. एवढा खर्च करून माणूस घरी आला की सगळ्यांना वाटते, सुटलो एकदाचे. पहिल्या वर्षी वजन झपाट्याने उतरते, जुने कपडे ढिले होतात, शेजारीपाजारी कौतुक करतात. मग दुसरे वर्ष सरता सरता काटा पुन्हा वर चढू लागतो आणि तेच शेजारी म्हणतात, ‘जिभेवर ताबा नाही, दुसरे काय!’

हे म्हणणे मला पटत नाही. शस्त्रक्रिया ही नांगरट आहे, पीक नव्हे. नांगरट चांगली झाली तरी पुढे निंदणी, पाणी, राखण करावीच लागते, आणि ते काम एकट्या माणसाकडून होत नाही, सारे घर लागते. शस्त्रक्रियेनंतरच्या आहाराचेही तसेच आहे. हा भार एकट्या रोग्याच्या निर्धारावर टाकणे अन्यायाचे आहे आणि उपयोगाचेही नाही.

शस्त्रक्रियेने नेमके काय होते?

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराचा बायपास प्रथम केला. त्यात जठराच्या वरच्या टोकाची सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात. आज आपल्याकडे ‘स्लीव्ह’ ही दुसरी पद्धतही खूप चालते. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि चहाचा एक कप भरेल एवढी नळी उरते. काढलेल्या भागात भूक चाळवणारा घ्रेलिन नावाचा रस तयार होत असतो, म्हणून सुरुवातीला भूकच कमी लागते.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी, याचेही माप आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय हा आकडा निघतो. आशियाई लोकांसाठी पूर्वापार धरलेली मर्यादा ३७.५, आणि मधुमेहासारखा आजार सोबत असल्यास ३२.५ अशी आहे. पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन अनुक्रमे सुमारे ९६ आणि ८३ किलो झाले की ही मर्यादा येते. अलीकडे तज्ज्ञ काही रोग्यांना याहून अलीकडेही शस्त्रक्रिया सुचवतात. आरोग्य विमा कंपन्यांची अट मात्र अधिक कडक, ४० किंवा गंभीर आजारासह ३५, अशी असते. ती आधी वाचून घ्यावी.

दीड वर्षानंतरची कसोटी

पहिले वर्ष-दीड वर्ष शरीरच साथ देते. पुढे भूक काही अंशी परत येते, नळी थोडी सैलावते आणि सवयी जाग्या होतात. स्वीडनमध्ये १९८७ पासून दोन हजारांवर शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले, आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्के राहिली. म्हणजे १२० किलोचा माणूस ८२ किलोपर्यंत आला आणि पुढे ९० किलोवर स्थिरावला. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. थोडे वजन परत येणे हा अपराध नव्हे, ते बहुतेकांच्या बाबतीत घडते. आणि उरलेला लाभ लहान नाही. त्याच पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्यूचे प्रमाणही इतर लठ्ठ रोग्यांपेक्षा कमी आढळले.

आपल्या माहितीतले उदाहरण द्यायचे तर श्री. नितीन गडकरी यांचे देता येईल. नागपूरच्या या खवय्या नेत्याने २०११ साली मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. आज ते जाहीर सभांतून सांगतात ते रोजच्या व्यायामाविषयी आणि प्राणायामाविषयी. राजकारण बाजूला ठेवून एवढेच घ्यावे की शस्त्रक्रियेला इतकी वर्षे झाली तरी रोजची मेहनत सुटलेली नाही.

निर्धार थकतो, व्यवस्था थकत नाही

रोग्याला उत्साह टिकवायला सांगणारे पुष्कळ भेटतात. पण उत्साह म्हणजे पहिल्या पावसाची सर. त्यावर हंगाम निघत नाही, विहीर लागते. ही विहीर म्हणजे घराची व्यवस्था. डब्यात फरसाण नसेल तर रात्री दहा वाजता त्याच्याशी झुंजावे लागत नाही.

आपण वडोदऱ्याचे लोक. सकाळी फाफडा-जिलेबी, दुपारी चहाबरोबर भाकरवडी, संध्याकाळी शेवउसळ, आणि पाहुणा आला की लीला चिवडा. लहान जठराला सर्वांत धोका नेमका अशाच खाण्याचा आहे. भाकरी, उसळ, अंडे यांनी पोट लवकर भरते. पण शेव, चिवडा, बिस्किटे तोंडात विरघळून नळीतून सरकत जातात. पोट भरल्याची जाणीव होत नाही आणि तेल भरपूर पोटात जाते. एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम पिठातून किंवा प्रथिनातून ४. कुल्फी, सरबत, उसाचा रस यांचेही तसेच. शिवाय बायपास झालेल्याने उसाचा रस गटागट प्यायला तर साखर एकदम आतड्यात उतरून घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात.

मग ताटात काय असावे? आधी प्रथिने, मग भाजी, आणि शेवटी जागा उरली तर भाकरी किंवा भात. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत, असे आहारतज्ज्ञ सांगतात. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ ग्रॅम, शंभर ग्रॅम शिजलेल्या कोंबडीत पंचवीसच्या वर आणि मासळीत वीसच्या आसपास प्रथिने असतात. पातळ वरणाच्या वाटीत मात्र ती फारच थोडी. म्हणून वरण घट्ट करावे, मूग-मटकीची उसळ, पनीर, दही यांना रोज जागा द्यावी. घास लहान, चावणे भरपूर, आणि जेवताना पाणी नाही. ते अर्ध्या तासाच्या अंतराने.

आणि हे ताट रोग्यापुरते वेगळे काढू नये. एकाने उकडलेले अंडे खायचे आणि समोर चौघांनी भजी, अशाने कोणाचाही निर्धार महिनाभरात संपेल. घरातील बारीक माणसांनाही या ताटाची गरज आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र दिले होते. दोघांचाही बीएमआय २२.३. पण इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के! भारतीय माणूस वरून सडपातळ दिसला तरी आतून चरबी बाळगून असतो, हे त्यावरून जगाला कळले. तेव्हा एका रोग्यासाठी घराचे तेल कमी झाले तर साऱ्या घराचे भलेच होईल.

शेतकऱ्याने विशेष काय पाहावे?

आपण कापूस, एरंडी, केळी बाजारात नेतो आणि येताना पिशवीत फरसाण आणतो. हे उलटे झाले पाहिजे. बांधावर तुरीची ओळ, विहिरीजवळ वाल-पापडी, मेथी आणि पालकाचा वाफा, परसात दहा-बारा कोंबड्या एवढे घरापुरते राखून ठेवावे. डेअरीला सगळे दूध घालून घरात पाण्यासारखा चहा पिण्यापेक्षा अर्धा लिटर दूध रोग्यासाठी बाजूला काढावे. हा तोटा नाही. औषधावरचा खर्च वाचवणे आहे.

दुसरे पाण्याचे. आपली सवय अशी की उन्हात दोन तास काम करायचे आणि मग तांब्याभर पाणी एका दमात प्यायचे. लहान जठराला ते झेपत नाही, आणि पाणी टाळले तर चक्कर येते, मुतखड्याची भीती वाढते. बाटली बांधावर ठेवून दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट घ्यावेत. दिवसाकाठी दीड-दोन लिटर पोटात गेले पाहिजे. उन्हाळ्यात त्याहून अधिक. पातळ, बिनसाखरेचे ताक चांगले. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे, किंवा डॉक्टर सांगतील तोवर, पोती उचलू नयेत.

तिसरे अंगदुखीच्या गोळ्यांचे. दिवसभर राबून आल्यावर दुकानातून गोळी घेऊन खाण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे. अशा पुष्कळ गोळ्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या जठराला व्रण पडतो, विशेषतः बायपासनंतर. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नये. तंबाखू आणि विडी यांनीही तेच होते. दारूचे तर बोलायलाच नको: पूर्वीच्या मानाने थोडी घेतली तरी ती लवकर आणि जास्त चढते, आणि तिची सवय जडण्याचा धोका वाढतो.

चौथे, जीवनसत्त्वांच्या गोळ्या. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या सोडल्या की दोन-तीन वर्षांनी पंडुरोग, हातापायांना मुंग्या, हाडांचा ठिसूळपणा सुरू होतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात, त्याने घाबरू नये. प्रथिने पुरेशी असतील तर ते बहुधा परत येतात. मात्र उलट्या थांबत नसतील तर घरी थांबू नये, तडक डॉक्टरांकडे जावे. तरुण स्त्रियांनी वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी. वर्षातून एकदा रक्ततपासणी करावी आणि शस्त्रक्रियेचा खर्च धरतानाच पुढच्या तपासण्यांचा व गोळ्यांचा खर्चही धरावा. आहाराविषयी विचारायला माणसे दूर नाहीत. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली गृहविज्ञानाचे शिक्षण सुरू झाले आणि तेथून आहारशास्त्र शिकून बाहेर पडलेल्या अनेकजणी आज इस्पितळांत काम करतात.

पंगतीचा आग्रह

आता यजमानांसाठी चार शब्द. नाताळ, लग्न, स्नानसंस्कार, कोणताही प्रसंग असो, ताटात वाढत राहणे ही आपल्याकडे मायेची खूण समजली जाते. ‘माझ्या हातचे एवढे तरी घ्या’ या वाक्याने जितक्या रोग्यांचा नेम मोडला असेल तितका भुकेनेही मोडला नसेल. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला एक घास जास्त झाला तर छातीत कळ येऊन उलटी होते. चारचौघांत तशी पाळी येऊ नये म्हणून पुष्कळजण कार्यक्रमांनाच जाणे सोडतात, आणि घरी एकटे बसून डबे उघडतात. आग्रहाने होते ते असे. पाहुण्याला लहान वाटी द्यावी, पुन्हा विचारू नये आणि वजनाचा विषय काढू नये, हाच त्याचा सत्कार.

उपवासाविषयीही प्रश्न पडतो. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वर्षे वयाच्या भाविकांवर उपवासाचे बंधन आहे, पण आजारी माणसाला त्यातून मोकळीक असते. शस्त्रक्रियेनंतरच्या काळात उपाशी राहून मग एकदम खाणे हे दोन्ही बाजूंनी वाईट. अशा माणसाने आपल्या धर्मगुरूंना विचारावे. त्याच्यासाठी फरसाणाचा त्याग पुरेसा कठीण आहे.

कोणी म्हणेल, ज्याने लाखो रुपये खर्च केले त्याने स्वतःची जबाबदारी स्वतः घ्यावी. जबाबदारी त्याची आहेच; तोंड त्याचे आहे. पण बाजारहाट करणारा हात, फोडणी घालणारा हात आणि पंगतीत वाढणारा हात बहुधा दुसऱ्याचा असतो. २०२५ पासून भारतात वजन उतरवणारी नवी इंजेक्शने मिळू लागली आहेत, आणि त्यांच्याबाबतही हेच घडणार: इंजेक्शन थांबले की भूक परत येते आणि घरचे ताट जसे असेल तसे वजन होते.

म्हणून ज्या घरात अशी शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ठरली आहे, तेथे या आठवड्यात एकत्र बसून तीन गोष्टी ठरवाव्यात: महिन्याला तेल किती आणायचे, परसात काय लावायचे आणि वार्षिक तपासणी कोणत्या महिन्यात करायची. हे तिन्ही निर्णय रोग्याचे एकट्याचे नाहीत. ते घराने घेतले तर दहा वर्षांनंतरही शस्त्रक्रियेचे दाम वसूल होत राहतील.