चौकट मोडल्यावर

शिराळ्यात आमच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या आज्यांकडून नागपंचमीच्या फेराची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या व त्यांचे एक छोटे संकेतस्थळ केले. ते 'अँग्युलरजेएस' या गूगलच्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार चौकटीवर, उभे होते. 2010 मध्ये आलेल्या या चौकटीचा आधार गूगलने 31 डिसेंबर 2021 रोजी काढून घेतला. स्थळ त्या दिवशी बंद पडले नाही, आणि त्यामुळेच आम्ही गाफील राहिलो. दुरुस्त्या मात्र थांबल्या. पुढे काय, हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून साहित्याच्या माणसांनी मोकळे होऊ नये, असे आम्हांस वाटते.

मार्ग तीन आहेत. आहे ते तसेच चालू ठेवणे, हा पहिला. 2016 मध्ये आलेल्या नव्या 'अँग्युलर'मध्ये सारे पुन्हा लिहिणे, हा दुसरा. नाव जवळचे असले तरी तिची घडण मुळातून वेगळी आहे, म्हणजे ही डागडुजी नव्हे, नवे बांधकामच. आणि मजकूर चौकटीबाहेर काढून साध्या पानांवर ठेवणे, हा तिसरा. आमचे मत तिसऱ्याच्या बाजूने आहे.

जुन्या स्थळाचा प्रोग्रॅम एखादे दिवशी उतरला नाही, तर गाण्याच्या जागी दुहेरी महिरपी कंस दिसतात आणि त्यांत फक्त रकान्याचे नाव. गाणे पानावर नसतेच. ते आयत्या वेळी ओतले जाते. मराठी वाचकाला ही दशा नवी नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी ज्याचा त्याचा फाँट असे, आणि तो आपल्या संगणकावर नसला की चांगला लेख रोमन अक्षरांचा कचरा होऊन समोर येई. ज्यांनी मजकूर वेळीच युनिकोडमध्ये आणला, त्यांचे लेखन वाचनीय राहिले.

आमच्यातल्या काहींचा आक्षेप रास्त आहे: गावानुसार शोध जाईल, एका ओवीचे दोन पाठ शेजारी ठेवून पाहण्याची सोय जाईल. ध्वनिमुद्रण साध्या पानावरही ठेवता येते. शोधाऐवजी हाताने केलेली सूची देता येईल. पाठभेदांची सोय मात्र उणावेल, हे आम्ही मान्य करतो.

मूळ वस्तू कोणती आणि चौकट कोणती, हा प्रश्न शिराळ्याला अपरिचित नाही. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नाग पकडून मिरवणे थांबले, प्रतिमांची पूजा चालू राहिली. परंपरेचा प्राणच गेला, असे अनेकांना वाटले. 2025 मध्ये शैक्षणिक कारणासाठी मर्यादित परवानगी मिळाली, तेव्हा तो वाद पुन्हा वर आला. तिथे उत्तर सोपे नाही, कारण नाग हा जिवंत जीव आहे आणि श्रद्धेचा विषयही. आमच्या चौकटीचे तसे नाही. तिच्यासाठी हळहळण्याचे कारण नाही.

नवी चौकट पुढल्या वर्षीही मिळेल. गाणी सांगणाऱ्या आज्यांपैकी काही आज हयात नाहीत. त्यांना पुन्हा विचारता येणार नाही. म्हणून ज्या ज्या मराठी विभागाकडे असा संग्रह असेल, त्याने चौकटीची निवड करण्याआधी प्रत्येक गाण्याची साधी युनिकोड प्रत काढावी, तीवर गाव आणि तारीख लिहावी, आणि एक छापील संच ग्रंथालयाच्या कपाटात ठेवावा. मग वाद खुशाल घालावेत.