साखर स्वस्त, बाकीची यादी महाग



दिवाळी महिन्यावर आली की एक प्रश्न हमखास कानावर येतो. मोठ्या दुकानात साखर इतकी स्वस्त मिळते कशी? आणि मग आपला किराणावाला आपल्याला लुटतो का? यातला पहिला प्रश्न हिशेबाचा आहे, दुसरा मला जरा अन्यायाचा वाटतो. आपल्या समाजात गल्ल्यावर बसणारी घरं पुष्कळ, आणि यादी घेऊन दुकानात जाणाऱ्या तर आपण सगळ्याच. त्यामुळे दोन्ही बाजू आपल्याच घरातल्या आहेत.

आधी साखरच घेऊ. केंद्र सरकारने जून 2018 मध्ये साखर कारखान्यांसाठी किलोला 29 रुपये असा किमान विक्री दर ठरवला आणि फेब्रुवारी 2019 मध्ये तो 31 रुपये केला. त्यावर 5 टक्के जीएसटी धरला की साडेबत्तीस झाले. मग हमाली, इतवारीपर्यंतचं ट्रकभाडं, ठोक व्यापाऱ्याचा नफा, पिशव्या भरण्याची मजुरी. आणि 31 हा अगदी तळाचा आकडा, कारखान्यातून निघणारा खरा भाव बहुतेक वेळा त्याहून बराच वर असतो. तेव्हा जाहिरातीतली साखर या सगळ्या बेरजेच्या खाली दिसली, तर दुकान पदरचे पैसे घालून विकतंय असं खुशाल समजा. कारखान्याने किती खाली उतरायचं याला सरकारी अट आहे. दुकानाने किती उतरायचं, याला नाही.

पदरचे पैसे का घालतात? तर आपल्या स्मरणशक्तीमुळे! साखर, गोडंतेल, तूरडाळ, कांदे, दूध यांचे भाव आपल्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात, रुपयाचा फरकसुद्धा कळतो. पण पायपुसणं, भांडी घासायची जाळी, मुलांचं चॉकलेटी दूधचूर्ण, प्लास्टिकचे डबे यांचा मागच्या महिन्याचा भाव कोण सांगेल? दुकान स्वस्त की महाग हे आपण त्या पाच-सहा वस्तूंवरून ठरवतो आणि हजारो वस्तूंच्या मधून फिरून येतो. साखर बहुधा अगदी आत, शेवटच्या कोपऱ्यात असते, हे पाहिलंय ना? साखरेवर गेलेले चार रुपये एका डब्याच्या सेटमध्ये परत येतात. इंग्रजीत अशा मालाला ‘लॉस लीडर’ म्हणतात, म्हणजे स्वतः तोटा खाऊन गिऱ्हाईक आत आणणारा माल.

युक्ती तशी नवी नाही. मंगळवारी बाजारातली भाजीवाली वरून चार काड्या सांबार टाकते तेव्हा तीही हेच करते. फरक एवढाच, की तिचा सांबार आपल्याला तिच्याच पुढच्या वांग्यांपर्यंत नेतो, चार मजले फिरवत नाही. मोठ्या प्रमाणावर ही गोष्ट आपल्या देशाने पाहिली ती 26 जानेवारी 2006 ला. बिग बाजारने त्या दिवशी ‘सबसे सस्ता दिन’ केला आणि गर्दी इतकी उसळली की काही ठिकाणी शटर ओढावं लागलं. पुढे 2022 मध्ये ती कंपनी कर्जाखाली दबून दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. स्वस्ताईमुळेच गेली असं मी म्हणणार नाही, पण गर्दी म्हणजे नफा नव्हे हे आपल्या दुकानदार घरांना वेगळं सांगायला नको.

स्वस्त दिसणारं सगळंच तोट्यात विकलेलं असतं असंही नाही. डीमार्टने पुष्कळशा जागा भाड्याने न घेता स्वतःच्या घेतल्या आणि पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून माल कमी भावात उचलला. हा सरळ व्यापार झाला, आपले आजे-पणजेही रोखीवर भाव पाडूनच घेत. दुसरीकडे तेलाच्या पिशवीवरची एमआरपी पाहा. ती मुळातच इतकी वर छापलेली असते की ‘वीस टक्के कमी’ वाचून हुरळण्याचं कारण नाही. तुलना करायची तर दोन दुकानांच्या भावांची करा, छापील आकड्याशी नको.

आता किराणावाल्याचं. त्याच्या दुकानात वरच्या मजल्यावर कपडे आणि बादल्या नाहीत. साखर, तेल, डाळ, तांदूळ हीच त्याची उलाढाल, आणि त्यातही नफा किलोमागे थोडाच. साखरेतला तोटा तो कुठून भरून काढणार? मला खटकतं ते हे, की साखर-तेल आपण तिकडून रोखीने आणतो आणि रात्री नऊला हिंगाची डबी, अर्धा पाव जिरं याच्याकडून उधारीवर मागवतो, तेही पोराच्या हातून घरपोच. हे दोन्ही चालू ठेवायचं असेल तर त्याला यादीतली एखादी जड वस्तू द्यावी लागेल. तेल तिकडचं, साखर-डाळ इकडची, असं काहीही करा. दिवाळीला सगळीच यादी तिकडे नेऊन वर ‘आमचा किराणावाला बंद झाला हो’ म्हणून हळहळणं मला पटत नाही. ज्या घरात महिन्याचे पैसे मोजके आहेत तिने मात्र स्वस्त साखर बेलाशक आणावी, फक्त साखरच घेऊन बाहेर पडावं.

काहीजणी याला पाप म्हणतात. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापं येतात, भेसळ येते. तोट्यात विकणं येत नाही. त्या दोन बाबतींत सुट्या मालाच्या लहान दुकानांनीही आपला काटा तपासावा.

कायद्याचंही तसंच आहे. स्पर्धा कायदा 2002 च्या कलम 4 प्रमाणे, बाजारात वर्चस्व असलेल्या कंपनीने इतरांना संपवण्यासाठी खर्चाहून कमी भावात विकलं तर तो गुन्हेगारी नव्हे पण गैरव्यवहार ठरतो. मेख ‘वर्चस्व’ या शब्दात आहे. सप्टेंबर 2016 मध्ये जिओने फुकट डेटा वाटला, आपण सगळ्यांनी वापरला. एअरटेलने तक्रार केली, ती स्पर्धा आयोगाने जून 2017 मध्ये फेटाळली, कारण नव्याने आलेली कंपनी वर्चस्वाची कशी म्हणायची? जर्मनीत मात्र सप्टेंबर 2000 मध्ये तिथल्या स्पर्धा कार्यालयाने वॉलमार्ट, आल्डी आणि लिडल यांना दूध, साखर अशा वस्तूंचे भाव वाढवायला लावले होते. आपल्याकडे ऑक्टोबर 2024 मध्ये वितरकांच्या महासंघाने ब्लिंकिट, इन्स्टामार्ट, झेप्टो यांच्याविरुद्ध याच मुद्द्यावर आयोगाकडे धाव घेतली. दहा मिनिटांत घरी येणाऱ्या या मंडळींची मला मोठ्या दुकानांपेक्षा जास्त काळजी वाटते. तिथे निदान आपण ट्रॉली ढकलत होतो, वजन हाताला लागत होतं.

आपल्या स्वयंपाकघराला या आमिषापासून एक जुनं संरक्षण आहे. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. ती पाळणाऱ्या घरात दहा किलो तयार कणकेची पिशवी ‘एकावर एक फुकट’ मिळाली तरी करणार काय? तिथे लागतो निवडलेला गहू, थोडा थोडा, आणि जवळची चक्की.

म्हणून सदरातल्या आणि इतवारीतल्या दुकानवाल्या मैत्रिणींना सुचवावंसं वाटतं, की साखरेचा भाव मोठ्या दुकानाइतका पाडा म्हणून यजमानांच्या मागे लागू नका. त्या शर्यतीत ते टिकणार नाहीत. निवडलेला, किडका दाणा नसलेला गहू, पाव किलोच्या हिशेबातल्या डाळी, चातुर्मासात लागणारं ताजं धान्य हे ठेवा, आणि निवडण्याची मजुरी भावात उघड सांगून घ्या. दोन रुपये जास्त द्यायला बायका तयार असतात. कशाचे ते कळलं पाहिजे.