पैठणीची ऑर्डर देताय? ॲडव्हान्स आणि ‘१०० टक्के गॅरंटी’मागचं गणित आधी समजून घ्या

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि इन्स्टाग्रामवर पैठणीच्या रील्सचा पाऊस पडायला लागतो. मागावर बसलेला विणकर, पदरावर हळूहळू उमटणारा मोर आणि खाली कॅप्शन : ‘प्युअर सिल्क, हँडमेड, १०० टक्के गॅरंटी. ऑर्डरसाठी डीएम करा.’ डीएम केला की पुढचा मेसेज ठरलेला असतो : ‘ताई, निम्मे पैसे ॲडव्हान्स पाठवा, मग काम सुरू करतो.’

यूपीआयवरून पैसे जातात आणि तुमच्या हातात उरतो एक स्क्रीनशॉट.

पुढे साडी वेळेत आली नाही तर? रंग भलताच निघाला तर? किंवा लग्नच मोडलं आणि साडी नकोच असेल तर? त्या ॲडव्हान्सचं काय होतं? आणि ती ‘१०० टक्के गॅरंटी’ नेमकी कशाची असते? एकेक करून बघूया.

मुळात ॲडव्हान्स मागतात तरी का?

नाशिक जिल्ह्यातलं येवला हे आज हातमागाच्या पैठणीचं सगळ्यात मोठं नाव. रेडिमेड साडी घ्यायची तर दुकानात जा, पैसे द्या, साडी घ्या, विषय संपला. पण मनासारखा रंग, ठरावीक काठ, पदरावर हवी तीच नक्षी असं काही हवं असेल, तर ती साडी अजून जन्मालाच आलेली नसते.

त्यासाठी आधी रेशीम आणि जर विकत घ्यावी लागते. रेशीम तुमच्या रंगात रंगवून घ्यावं लागतं. मग ताणा मागावर चढतो. साध्या नक्षीची साडी काही आठवड्यांत होते, भरगच्च पदराला कित्येक महिने लागतात. तेवढा काळ तो माग दुसऱ्या कुणासाठी चालत नाही.

शिवाय अनेक विणकर मजुरीवर काम करतात. रेशीम व्यापारी देतो आणि साडीही व्यापारीच नेतो. जो विणकर स्वतःच्या हिमतीवर ऑर्डर घेतो, त्याच्याकडे चार महिने पैसे अडकवून ठेवण्याची ऐपत असेलच असं नाही. त्यामुळे ॲडव्हान्स मागणं यात गैर काही नाही. तो कशासाठी घेतला आणि कोणत्या परिस्थितीत परत मिळेल, हे न ठरवता घेणं हा खरा घोळ आहे.

इसार आणि ॲडव्हान्स, दोन्ही एकच का?

बोलताना आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो. कायद्यात मात्र फरक आहे. जमिनीच्या व्यवहारातली ‘इसार पावती’ तुम्ही ऐकली असेल. इसार म्हणजे व्यवहार पूर्ण करण्याची हमी म्हणून दिलेली रक्कम. व्यवहार झाला तर ती किमतीत वळती होते, आपण मोडला तर जप्त होऊ शकते. याउलट, किमतीचा एक भाग आधी दिला असेल तर तो नुसता ॲडव्हान्स.

सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या खटल्यात हा फरक स्पष्ट केला. जप्त करता येतो तो इसार, आणि तसं करारात स्पष्ट हवं. नुसता किमतीपोटी दिलेला ॲडव्हान्स तसा जप्त करता येत नाही. २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात कोर्ट आणखी पुढे गेलं : करार मोडल्यामुळे नुकसानच झालं नसेल, तर रक्कम जप्त करता येणार नाही.

हे दोन्ही खटले मालमत्तेचे होते, साडीचे नाही. पण ज्या कायद्यावर ते उभे आहेत, तो भारतीय करार कायदा १८७२ साडीच्या ऑर्डरलाही लागू होतो. त्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडला तर भरपाई ‘वाजवी’ हवी, करारात कितीही मोठा आकडा लिहिलेला असला तरी.

ऑर्डर तुम्हीच रद्द केली तर?

समजा, साडी ६० हजारांची आहे आणि तुम्ही २० हजार ॲडव्हान्स दिलाय. दोन दिवसांत तुम्ही नाही म्हणालात. रेशीम अजून आणलेलंही नाही. अशा वेळी सगळे २० हजार ठेवून घेणं विक्रेत्याला पटवून देता येणार नाही.

आता दुसरी परिस्थिती. रेशीम रंगवून झालंय, अर्धी साडी विणून झालीये. रंग नेहमीचाच असेल, तर ती साडी दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकता येईल. पण पदरावर नवरा-नवरीची नावं विणायला सांगितली असतील, तर ती दुसरं कोण घेणार? इथे विणकराचं नुकसान खरं आहे, आणि ते तुमच्या ॲडव्हान्समधून वळतं होणं रास्त आहे.

थोडक्यात, वस्तू जितकी ‘फक्त तुमची’, तितका रद्द करण्याचा खर्च जास्त. म्हणून ॲडव्हान्स टप्प्याटप्प्याने द्यायचा पर्याय दोघांच्याही सोयीचा : थोडी रक्कम ऑर्डर देताना, थोडी ताणा मागावर चढल्याचा फोटो आल्यावर आणि उरलेली साडी हातात आल्यावर.

लग्न झाल्यावर साडी आली तर?

बहुतेकांचं नुकसान होतं ते इथे. ‘दीड-दोन महिन्यांत होईल’ हे तोंडी आश्वासन असतं, त्यावर भांडता येत नाही.

करार कायद्याचं कलम ५५ सांगतं की वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि ती पाळली गेली नाही, तर समोरच्याला करार रद्द करता येतो. म्हणून पावतीवर किंवा मेसेजमध्ये फक्त डिलिव्हरीची तारीख लिहू नका. ‘लग्न अमुक तारखेला आहे, साडी त्याआधी अमुक दिवशी मिळाली पाहिजे, त्यानंतर मिळाली तर उपयोग नाही’ असं लिहा आणि समोरून ‘ओके’ येऊ द्या.

याच कलमात एक मेख आहे. उशिरा आलेली साडी तुम्ही गुपचूप ठेवून घेतलीत, तर नंतर उशिराची भरपाई मागता येत नाही. साडी घेतानाच ‘उशिराबद्दल भरपाईचा माझा हक्क राखून मी ही घेत आहे’ असं कळवावं लागतं. व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकायला दहा सेकंद लागतात.

‘गॅरंटी’ म्हणजे नेमकी कशाची?

पैठणीत निदान तीन वेगवेगळ्या गोष्टींची गॅरंटी असू शकते, आणि विक्रेते त्या एकाच शब्दात गुंडाळतात.

पहिली, रेशीम अस्सल आहे का? त्यासाठी ‘सिल्क मार्क’ आहे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये तो सुरू झाला. लेबलवरच्या क्रमांकावरून तो खरा आहे का हे तपासता येतं. पण सिल्क मार्क फक्त रेशमाबद्दल बोलतो. यंत्रमागावर विणलेल्या अस्सल रेशमी साडीलाही तो मिळू शकतो.

दुसरी, साडी हाताने विणलीये का? त्यासाठी ‘हँडलूम मार्क’ वेगळा आहे, २००६ पासूनचा. पारंपरिक पैठणीत नक्षीचा प्रत्येक रंग वेगळ्या कांडीने हाताने गुंफला जातो, त्यामुळे पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो. जॅकार्डवर विणलेल्या साडीत मागच्या बाजूला सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. ‘सेमी पैठणी’ विकणं हा गुन्हा नाही, ती स्वस्त असते आणि छानही दिसते. ती हातमागाची म्हणून हातमागाच्या भावात विकणं ही फसवणूक.

तिसरी, जर कसली आहे? अस्सल जरीत चांदीची तार असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. इमिटेशन जरीत तांब्याची तार असते आणि प्लास्टिकची जर तर आणखी स्वस्त. किमतीतला मोठा फरक इथेच पडतो आणि वरच्या दोन्ही मार्कांपैकी एकही जरीबद्दल काही सांगत नाही.

राहिलं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन. पैठणीला ते आहे. पण एखाद्या उत्पादनाला जीआय आहे, यावरून तुमच्या हातातली साडी तीच आहे हे सिद्ध होत नाही.

हातकामातला ‘दोष’ कुठला आणि खरा दोष कुठला?

हाताने विणलेल्या कापडात एखादी बुट्टी किंचित वर-खाली होते, रंगाची छटा उन्हात थोडी वेगळी वाटते. याला दोष म्हणून साडी परत करणं विणकरावर अन्याय आहे. पण धुण्याआधीच रंग सुटणं, लांबी कमी भरणं, काठ विरणं किंवा ठरलेल्या रंगाऐवजी दुसराच रंग येणं हे हातकामाचं वैशिष्ट्य नाही.

इथे वस्तू विक्री कायदा १९३० कामी येतो. वस्तू वर्णनाप्रमाणे हवी, आणि नमुना दाखवून विकली असेल तर नमुन्याप्रमाणेही हवी. म्हणून रंगासाठी मोबाइलवरचा फोटो पुरेसा नाही, स्क्रीनगणिक रंग बदलतो. रंगवलेल्या रेशमाचा छोटा तुकडा मागवून घ्या आणि जपून ठेवा.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ लिहिलं असेल तर?

लिहिलं म्हणून ते कायदा होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर ती ३० दिवसांची धरली जाते. पावती न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. मात्र साडी चांगली आहे आणि तुमचं फक्त मन बदललं, तर हे संरक्षण लागू होत नाही.

‘मी फक्त रीसेलर आहे, उशीर विणकराने केला’ हे उत्तरही चालत नाही. पैसे ज्याने घेतले आणि शब्द ज्याने दिला, तुमचा व्यवहार त्याच्याशी झाला.

पैसे पाठवण्याआधी काय लिहून घ्याल?

- विक्रेत्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि यूपीआयवर दिसणारं नाव. दोन्ही जुळतात का ते बघा.
- एकूण किंमत, दिलेली रक्कम आणि ती इसार आहे की ॲडव्हान्स.
- कोणत्या टप्प्यावर रद्द केलं तर किती पैसे परत मिळतील.
- ‘हातमाग’, ‘शुद्ध रेशीम’ आणि जरीचा प्रकार, तिन्ही वेगवेगळे.
- डिलिव्हरीची तारीख आणि ती का महत्त्वाची आहे.
- दुरुस्ती लागली तर कोण करणार, किती दिवसांत.

स्टॅम्प पेपर लागत नाही. व्हॉट्सॲपवर एक मेसेज आणि त्याला आलेलं स्पष्ट उत्तर हाही पुरावा असतो. चॅट डिलीट करू नका.

आणि पैसे अडकलेच तर?

आधी लेखी मागणी करा आणि उत्तरासाठी मुदत द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन. तिथेही सुटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. महत्त्वाचं म्हणजे तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार चालते, त्यामुळे नागपूरच्या गिऱ्हाइकाला नाशिकला खेपा घालाव्या लागत नाहीत.

पैसे घेऊन समोरच्याने अकाउंटच बंद केलं असेल, तर तो ग्राहक वाद राहत नाही, ती सायबर फसवणूक आहे. तेव्हा वाट न बघता लगेच १९३० वर फोन करा.

या सगळ्याचा धाक प्रामाणिक विणकराला असण्याचं कारण नाही. उलट, टप्पे आणि अटी लिहिलेल्या असतील, तर ऐनवेळी ‘नको’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापासून त्याच्या चार महिन्यांच्या मेहनतीलाही संरक्षण मिळतं. त्यामुळे लिहून द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल, तर पैसे पाठवण्याआधीच तुम्हाला उत्तर मिळालेलं आहे.