‘कुत्र्याच्या मौती’विषयी

एखाद्याचे मरण हीन ठरवायचे असले, की मराठी माणूस ‘कुत्र्याच्या मौतीने मेला’ असे म्हणतो. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. हा वाक्प्रचार वर्गात अनेकदा समजावून सांगितला आहे. परंतु त्या मौतीतले हीनत्व नेमके कोणाचे, हा प्रश्न पडला तो घरातल्या आठ वर्षांच्या कारवानी कुत्र्याच्या पुढच्या पायात, मनगटाच्या वर, हाडाचा कर्करोग निघाला तेव्हा.

हा रोग प्रामुख्याने मोठ्या अंगाच्या कुत्र्यांना, बहुधा पायाच्या लांब हाडांत होतो. आधी लंगडणे, मग सूज. पाय मुरगळला असेल असे समजण्यात आठवडे जातात. आमचेही गेले. निदान होईपर्यंत बहुतेकांच्या फुप्फुसांत त्याची सूक्ष्म बीजे पोचलेली असतात. नुसता पाय काढला तर साधारण ४-५ महिने, जोडीला केमोथेरपी दिली तर १०-१२ महिने मिळतात. बरे होणे क्वचितच. मग पाय काढायचा कशासाठी? वेदना थांबावी म्हणून. आतून पोखरलेले हाड हेच त्या वेदनेचे घर असते.

कुर्डुवाडी हे रेल्वेचे गाव. पण कुत्र्याला गाडीने न्यायचे तर पहिल्या वर्गाचा कूपे अथवा गार्डाच्या डब्यातली पेटी. आम्ही भाड्याच्या जीपने पुणे गाठले. परतल्यावर गावाचा प्रश्न ठरलेला: “माणसांना औषध मिळत नाही, आणि तुम्ही कुत्र्यावर खर्च करता?” माणसांच्या औषधाची ही कळकळ लग्नाच्या मांडवखर्चाच्या वेळी कुठे जाते, हे विचारत नाही. मात्र याच माढा तालुक्यात आजारी गाईपाशी शेतकरी रात्रभर बसतो, तेव्हा त्याला कोणी हसत नाही. गाय दूध देते. म्हणजे आपण जिला करुणा म्हणतो, तिचा हिशेब धारेच्या भांड्यात होतो.

आमच्या वाङ्मयाची आणि श्रद्धेची तऱ्हाही फारशी वेगळी नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, पण ती वेद म्हणून. नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावतात, पण तो विठ्ठल निघतो. रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावरून २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये रण माजले. त्या वादाच्या ऐतिहासिकतेत आम्हाला शिरायचे नाही. पुतळ्यातल्या कुत्र्यासाठी दोन्ही बाजूंना जेवढा आवेश सापडला, त्याचा अंशही जिवंत कुत्र्याच्या वाट्याला येत नाही, एवढेच नोंदवायचे आहे. महाभारतातल्या महाप्रस्थानाची कथा आपण ‘तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म’ या शेवटासाठी सांगतो. वास्तविक युधिष्ठिराने इंद्राचा रथ नाकारला, तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हते. त्याच्या लेखी तो कुत्राच होता. कथेचे सारे मोल त्या नकारात आहे. रूप पालटल्यावर उरतो तो चमत्कार.

दुसरा आक्षेप अधिक सोज्वळ आहे: “मरण देवाच्या हाती, सुई देणे पाप.” ज्याची वेदना आपल्याला सोसायची नसते, त्याच्या बाबतीत देवावर भार टाकणे फार सोपे असते. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी असाध्य आजाराच्या भटक्या कुत्र्यालाही वेदनारहित मरणाची मुभा दिली आहे. मग उशाशी निजणाऱ्याला आपण कण्हत का ठेवावे? अर्थात सुईची घाई हीही पळवाटच. पाय काढल्यावर आमचा कुत्रा दहाव्या दिवशी तीन पायांवर फाटकापर्यंत गेला. आम्ही ‘बिचारा’ म्हणत होतो; तो मांजरामागे लागला होता.

पुढचे सात महिने आम्ही वही ठेवली: खाल्ले का, उठला का, रात्री झोपला का. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला विषासारख्या ठरू शकतात, म्हणून पशुवैद्याने दिलेलेच औषध, वेळेवर. सातव्या महिन्यात धाप वाढली. वहीत ‘नाही’ची ओळ सलग चार दिवस आली, तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावले. ओसरीवर, त्याच्या गोणपाटावर, आमच्या मांडीवर डोके ठेवून तो गेला.

हीही कुत्र्याचीच मौत होती. त्या वाक्प्रचारात ज्या मरणाची हेटाळणी आहे, ते कुत्र्याने निवडलेले नसते. नाल्याकाठी, उपाशी, दगड खात मरण्याची व्यवस्था आपण केलेली असते. वर्गात यापुढे अर्थ सांगताना आम्ही एवढी दुरुस्ती करणार आहोत.