रिकामी क्षमता म्हणजे उधळपट्टी नव्हे

प्रवेश-अर्जाच्या अखेरच्या दिवशी संकेतस्थळ ठप्प व्हावे, हे आता विद्यार्थ्यांच्या आणि महाविद्यालयीन लिपिकांच्या अंगवळणी पडले आहे. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे उत्तर पूर्वीच्या ‘साहेब जागेवर नाहीत’ इतकेच अंतिम मानले जाते. त्यावरील खुलासाही ठरलेला असतो : यंत्रणेची क्षमता सरासरी मागणीहून अधिक होती, गर्दी मात्र अनपेक्षित होती. अखेरची तारीख ज्यांनी स्वतःच जाहीर केली, त्यांना त्या तारखेची गर्दी अनपेक्षित वाटावी हे नवल खरे. परंतु ते सोडले तरी हा खुलासा गणिताच्या कसोटीवर टिकत नाही.

हे गणित संगणकाहून जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ साली, यदृच्छेने येणाऱ्या दूरध्वनी-मागण्यांना संभाव्यताशास्त्राचे नियम लागू केले. पुढे १९६० नंतर क्लाइनरॉक यांनी तेच शास्त्र संदेशवहनाच्या जाळ्यांना लावले. त्यातील सर्वांत साधे प्रतिमान पाहू. खिडकी एकच आहे, माणसे केव्हाही येतात, आणि कुणाचे काम थोडक्यात आटोपते, तर कुणाचे लांबते. एका कामाला सरासरी एक मिनिट लागते असे धरल्यास, निम्मी क्षमता वापरात असताना माणसाचे रांगेसह सरासरी दोन मिनिटे जातात. वापर ८० टक्के झाला की पाच मिनिटे, ९० टक्क्यांना दहा, ९५ टक्क्यांना वीस आणि ९९ टक्क्यांना शंभर! म्हणजे काम नव्वदावरून पंचाण्णवावर गेले, एवढ्यानेच वेळ दुप्पट झाला. याचे कारण असे की, खिडकीचा मोकळा गेलेला क्षण साठवून गर्दीच्या वेळी वापरता येत नाही. न वापरलेली क्षमता सरसकट ‘अपव्यय’ या सदरात टाकण्याची आम्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकांची आणि लेखापरीक्षकांची सवय येथे घातक ठरते.

गर्दी हाताबाहेर गेली की काय होते, याचा धडा १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत मिळाला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली आवार यांत अंतर जेमतेम चारशे यार्डांचे. पण त्यांच्यामधील माहितीवहनाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. कुठे तार तुटली नव्हती. पोच वेळेवर मिळेना, म्हणून संगणक तोच मजकूर पुनःपुन्हा पाठवीत होते आणि या द्विरुक्तीनेच मार्ग तुंबला होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली मांडलेल्या उपायाचे मर्म इतकेच की, पोच न आल्यास प्रेषकाने वेग झटकन घटवावा आणि मग सावकाश वाढवावा. संगणकाला असा संयम शिकविता आला. मध्यरात्री मुदत संपणार असताना तेच बटन दहादा दाबणाऱ्या विद्यार्थ्याकडून मात्र त्याची अपेक्षा धरता येणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

शिवाय वर दिलेले आकडेही आशावादीच आहेत. अमेरिकेतील बेलकोअर या संस्थेतील मोजमापांवर आधारलेल्या १९९३ च्या निबंधाने दाखविले की, संगणक-जाळ्यांवरील वाहतूक दूरध्वनीप्रमाणे सरासरीत विरून जात नाही. सेकंदांच्या मापाने पाहा वा तासांच्या, झुंबड ती झुंबडच राहते.

तेव्हा निविदेत सरासरी मागणी लिहिणे बंद झाले पाहिजे. अखेरच्या तासात शंभरांपैकी किती उमेदवारांना किती सेकंदांत उत्तर मिळेल, ही अट तिथे हवी. खर्चाची सबब पुढे येईल. परंतु गर्दीच्या चार दिवसांपुरती क्षमता भाड्याने घेण्याची सोय आज उपलब्ध आहे. जिल्हावार वेगवेगळ्या मुदती ठेवल्यास तर फारसा पैसाही लागत नाही. आणि यंत्रणा जितके तास बंद राहील तितके तास मुदत आपोआप वाढेल, हे कलम प्रवेशाच्या नियमावलीतच असावे; त्यासाठी पालकांना कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत.